एकाच देवीकडे प्रेमही आणि युद्धही, असं कसं?

इ.स.पू. 653 च्या सुमाराची गोष्ट. असिरियाचा राजा अशुरबनिपाल इश्तर देवीच्या उत्सवासाठी अर्बेला नगरात आला होता. हे अर्बेला म्हणजे आजच्या इराकमधलं एरबिल. उत्सव चालू असतानाच निरोप आला की एलामचा, म्हणजे आजच्या नैऋत्य इराणमधल्या राज्याचा, राजा तेउम्मान सैन्य घेऊन चालून येतोय. अशुरबनिपाल देवीपुढे उभा राहून रडला. त्याच रात्री एका द्रष्ट्याला स्वप्न पडलं, आणि ते राजाने आपल्या लेखात पुढे सविस्तर नोंदवून ठेवलं. स्वप्नात इश्तर आत आली. दोन्ही खांद्यांवर बाणांचे भाते, हातात धनुष्य, म्यानातून उपसलेली तलवार. राजाला ती म्हणाली: तू इथेच थांब. जेव, बिअर पी, गाणंबजावणं कर, माझी पूजा कर. मी जाऊन ते काम उरकून येते. तुझा चेहरा उतरणार नाही, तुझे पाय थकणार नाहीत. एवढं बोलून तिने त्याला कुशीत घेतलं, त्याचं सगळं अंग झाकून घेतलं, आणि तिच्यापुढे आग भडकली. मग ती शत्रूच्या दिशेने निघाली.

कुशीत घेणं आणि आग ओकत लढायला जाणं, दोन्ही एका दमात. आपण आज मेसोपोटेमियाच्या देवतांची यादी वाचतो तेव्हा इश्तरच्या नावापुढे ‘प्रेमाची आणि युद्धाची देवी’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून कोड्यात पडायला होतं. दोन अगदी उलट खाती एकीकडेच कशी? पण हे कोडं आपण घातलेलं आहे. ग्रीकांनी प्रेम अफ्रोडाइटीकडे आणि रणधुमाळी आरेसकडे दिली, आणि देवांकडे अशी वेगवेगळी खाती असतात हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठच्या माणसांनी तिला तसं पाहिलं नाही. माणूस ज्या क्षणी स्वतःच्या ताब्यात राहत नाही, त्या क्षणी त्याच्यावर जिची सत्ता चालते, ती त्यांच्या लेखी ही देवी. मग तो क्षण शय्येवरचा असो की रणांगणातला.

आधी नावांचा गुंता सोडवू. दक्षिणेकडचे सुमेरी भाषेचे लोक तिला इनान्ना म्हणत. अक्कडी भाषा बोलणाऱ्यांची देवी इश्तर. दोघी मुळात कदाचित वेगळ्या असतील, पण इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात त्या इतक्या एकरूप झाल्या की पुढे एकीचं स्तोत्र दुसरीलाही चालायचं. चंद्रदेव नन्ना हा तिचा बाप, सूर्यदेव उतू हा भाऊ, आणि पाताळाची राणी एरेश्किगल ही बहीण. सिंह तिचा, आठ टोकांची चांदणी तिची. तिचं मुख्य ठाणं उरुक नगरात, एआन्ना नावाच्या मंदिरात. उरुकमध्ये सापडलेला, साधारण एक मीटर उंचीचा, अलाबास्टर या पांढरट दगडाचा एक कोरीव कलश बगदादच्या संग्रहालयात आहे. तो सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचा. सगळ्यात खाली पाणी, त्यावर पिकं, त्यावर मेंढरांची रांग, त्यावर टोपल्या घेऊन चाललेले नग्न पुरुष, आणि सगळ्यात वर, वेताच्या दोन जुड्यांपुढे उभी राहून नैवेद्य स्वीकारणारी स्त्री. त्या जुड्या म्हणजे इनान्नाची खूण. स्त्री स्वतः देवी की तिची पुजारीण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 2003 च्या युद्धात हा कलश संग्रहालयातून लुटला गेला आणि काही आठवड्यांनी तुकड्यांत परत आला.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवायला हवा. पुष्कळ ठिकाणी इनान्नाला ‘मातृदेवता’ म्हटलेलं दिसतं. ते मला अजिबात पटत नाही. मेसोपोटेमियात जन्म देणाऱ्या, गर्भ घडवणाऱ्या देवी वेगळ्या होत्या, निन्हुर्सग त्यांतली मोठी. इनान्ना ही कायम ऐन उमेदीतली तरुणी. एकदोन ठिकाणी तिच्या मुलाचा उल्लेख येतो, पण आई म्हणून तिची कथा कोणी सांगत नाही. ती नवरी होते, पण संसार करताना दिसत नाही. एका सुमेरी काव्यात एन्की देव जगाची व्यवस्था लावतो: कोणाला बाळंतपणं, कोणाला लेखनकला, कोणाला मासे आणि पाणथळी. शेवटी इनान्ना तणतणत त्याच्याकडे येते. सगळ्या देवींना काम दिलंस, मग मी काय केलं होतं? माझा अधिकार कोणता? मला हे गाऱ्हाणं फार महत्त्वाचं वाटतं. ज्या व्यवस्थेत प्रत्येकाला जागा आहे तिच्यात हिला ठरलेली जागा नाही, हे त्या लोकांनी स्वतःच ओळखून लिहून ठेवलं आहे.

आता तिचं प्रेम कसं होतं ते पाहू. इनान्ना आणि दुमुझी या धनगर देवाची सुमेरी प्रेमगीतं मोठ्या संख्येने सापडली आहेत, आणि ती विलक्षण ताजी आहेत. एका गाण्यात रात्र झाली आहे, दुमुझी तिचा हात सोडत नाही. ती म्हणते, सोड मला, घरी जाऊ दे, आईला काय थाप मारू? तो म्हणतो, मी शिकवतो ना. सांग, मैत्रीण चौकात घेऊन गेली होती, तिथे वाद्यं वाजत होती, नाच चालला होता, गाण्यात वेळ कसा गेला कळलंच नाही. आईला असं सांग, आणि आपण चांदण्यात राहू. चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर ही थाप कोरलेली आहे. बाकीची गाणी यापेक्षा कितीतरी उघड बोलतात. देवी स्वतःच्या देहाचं वर्णन करते, प्रियकराला बोलावते, लाजत नाही. लग्न, मुलंबाळं, घराणं यांपेक्षा तिचा संबंध ओढीशी आहे, समोरचा माणूस हवाच या भावनेशी. म्हणूनच एका स्तोत्रात ती मद्यशाळेच्या दारात बसते आणि स्वतःला वेश्या म्हणवून घेते. स्वर्गाची राणीही तीच, आणि तिथे बसणारीही तीच.

याच ओढीचा राजकारणाशी थेट संबंध होता. उर आणि इसिन या नगरांच्या राजांनी स्वतःला दुमुझीच्या जागी ठेवून देवीचा वर म्हणवून घेतलं. नवीन वर्षाच्या उत्सवात राजा आणि देवीचा विवाह लागे, त्याचं वर्णन इसिनचा राजा इद्दिन-दगान याच्या स्तोत्रात आहे. प्रत्यक्षात तिथे काय घडे, देवीच्या जागी कोणी स्त्री असे की सगळं काव्यातच असे, यावर वाद आहे. पण राजाला गादीवर बसण्याचा अधिकार देवीच्या प्रेमातून मिळतो, ही कल्पना पक्की होती.

आणि इथेच युद्धाचं दार उघडतं. उत्तर इराकमध्ये बासेत्की गावाजवळ तांब्याच्या एका पुतळ्याचा खालचा भाग सापडला. अंगावर फार कपडे नसलेल्या बसलेल्या पुरुषाचे नुसते पाय आणि पीठिका, पण वजन सुमारे 150 किलो. पीठिकेवर अक्कडचा राजा नराम-सिन याचा लेख आहे. त्यात तो सांगतो की चारी दिशा एकदम माझ्याविरुद्ध उठल्या, तेव्हा इश्तरने माझ्यावर केलेल्या प्रेमामुळे मी एका वर्षात नऊ लढाया जिंकलो. प्रेमामुळे नऊ लढाया. इश्तर समजून घ्यायला एकच ओळ निवडायची झाली तर मी हीच निवडेन. तिचं ज्याच्यावर मन बसलं त्याच्या बाजूने ती लढते, आणि मन उडालं की तोच माणूस तिच्या समोर सापडतो.

हे मन उडणं किती भयंकर मानलं जाई ते बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या प्रसिद्ध शिळेवर दिसतं. शेवटी, हे कायदे जो पुसून टाकेल त्याला एकामागून एक देवांचे शाप दिले आहेत. इश्तरच्या वाट्याला आलेला शाप असा की तिने रणांगणात त्याची शस्त्रं मोडावीत, त्याच्या शुभाचं अशुभ करावं, त्याच्या वीरांना लोळवावं आणि गोंधळ व बंडाळी माजवावी.

युद्ध हे तिचं कर्तव्य म्हणून येत नाही. ते तिला आवडतं. हम्मुराबीच्याच काळातल्या ‘अगुशाया’ या अक्कडी काव्यात म्हटलं आहे की लढाई हा तिचा सण. त्या काव्यात तिच्या गर्जनेने देवही हैराण होतात. मग एआ, म्हणजे सुमेरी लोकांचा एन्की, आपल्या नखातला मळ काढून तिच्या तोडीची ‘भांडण’ नावाची एक राक्षसी बाई घडवतो, तिला इश्तरवर सोडतो, आणि शेवटी तोड निघते ती अशी: दरवर्षी एक दिवस लोकांनी रस्त्यात येऊन घुमत नाचायचं, आरडाओरडा करायचा. रणातली बेभान गिरकी आणि उत्सवातली बेभान गिरकी तिच्याच नावाची.

तिच्या या रूपावर सर्वांत तेजस्वी लेखन ज्यांच्या नावावर आहे त्या एनहेदुआन्ना यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. अक्कड साम्राज्याचा संस्थापक सारगोन याची ही मुलगी, इ.स.पू. तेविसाव्या शतकातली, उर नगरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण. उरच्या उत्खननात लेनर्ड वुली यांना दगडाची एक चकती सापडली, तिच्यावर पूजा करणाऱ्या एनहेदुआन्ना कोरलेल्या आहेत आणि मागे त्यांचं नावही आहे. म्हणजे त्या होत्या, याचा पुरावा हातात आहे. त्यांच्या नावाने चालत आलेली स्तोत्रं मात्र जी सापडली ती त्यांच्यानंतर पाचेकशे वर्षांनी पाठशाळांतल्या मुलांनी गिरवलेल्या प्रतींतून. त्यामुळे मूळ रचना खरंच त्यांची का, असा प्रश्न काही विद्वान विचारतात. त्यांची असेल तर नावाने ओळखली जाणारी जगातली पहिली साहित्यिक एक स्त्री ठरते.

त्यांच्या इनान्ना-स्तोत्रात लुगल-अने नावाच्या बंडखोराने त्यांना देवळातून हाकलून दिलं आहे. माझं मधाळ तोंड आता कडवट झालंय, असं त्या म्हणतात. चंद्रदेवाची आयुष्यभर सेवा केली, तो ऐकत नाही, आणि म्हणून त्या त्याच्या मुलीला हाक मारतात. हाक मारताना त्या देवीच्या करुणेचं वर्णन करत बसत नाहीत. तू सर्पासारखी शत्रूच्या मुलखावर विष ओतलंस, तू पुरासारखी डोंगरावरून उतरलीस, तुझ्या नजरेपुढे थोर देव वटवाघळांसारखे भेगांत पळाले, असं त्या म्हणतात. ज्या देवीमुळे सगळं उलटतं, तीच आपलं उलटलेलं नशीब पुन्हा सरळ करेल, हा त्यामागचा विश्वास. एनहेदुआन्नांच्याच नावावरच्या दुसऱ्या एका स्तोत्रात देवीच्या शक्तींची लांबलचक गणना आहे: पळणं, निसटणं, शांतवणं, वर चढवणं आणि खाली पाडणं, पुरुषाची स्त्री आणि स्त्रीचा पुरुष करणं.

शेवटचं वाक्य नुसतं काव्य नव्हतं. इश्तरच्या सेवेत कुर्गर्रा आणि अस्सिन्नू नावाचे सेवक असत, ज्यांना पुरुष किंवा स्त्री यांपैकी एकाच चौकटीत बसवता येत नाही. इद्दिन-दगानच्या स्तोत्रातल्या मिरवणुकीत काही जणांनी अंगाच्या एका बाजूला पुरुषाचे आणि दुसऱ्या बाजूला स्त्रीचे कपडे घातले आहेत. देवी स्वतःही याला अपवाद नाही. अशुरबनिपालच्या एका स्तोत्रात निनेव्हेच्या इश्तरला अश्शूर देवासारखी दाढी आहे.

ही दुहेरी ओळख आकाशातही रोज दिसत होती. इश्तर म्हणजे शुक्र. कधी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, कधी सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला. आठ-नऊ महिने संध्याकाळी दिसतो, मग थोडे दिवस गायब, मग पुन्हा आठ-नऊ महिने पहाटे, आणि मग साधारण दोन महिने दिसेनासा. सुमारे 584 दिवसांचं हे चक्र. उरुकमधल्या अगदी आरंभीच्या पाट्यांमध्येच ‘पहाटेची इनान्ना’ आणि ‘संध्याकाळची इनान्ना’ अशा दोन रूपांसाठी वेगवेगळे नैवेद्य नोंदवलेले आहेत, म्हणजे दोन्हीकडे दिसणारी ती एकच हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. बॅबिलोनचा राजा अम्मिसदुका याच्या काळातल्या 21 वर्षांच्या शुक्र-नोंदी पुढच्या काळातल्या प्रतींतून आपल्यापर्यंत आल्या आहेत: कुठल्या महिन्याच्या कुठल्या दिवशी तो दिसेनासा झाला, किती दिवसांनी परत आला, आणि त्याचं फळ काय. फळांत पाऊस, पिकं आणि राजांची वैरं.

ती अशी गायब होऊन परत येते, म्हणून तिच्या पाताळगमनाच्या कथेत शुक्राचं अदृश्य होणं पाहणारे अभ्यासक आहेत. ते खरं असो वा नसो, ही कथा तिच्या स्वभावाची सगळ्यात खोल ओळख करून देते. निप्पूर या सुमेरी नगरात सापडलेल्या या कथेच्या पाट्यांचे तुकडे काही इस्तंबूलला, काही फिलाडेल्फियाला गेले होते. सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी ते जुळवत नेले तेव्हा कथा हाती लागली.

इनान्नाच्या मनात पाताळ येतं. ती सजते: मुकुट, गळ्यात लाजवर्द या निळ्या दगडाचे मणी, अंगावर राजवस्त्र, सोन्याचं कडं, हातात मोजमापाची काठी आणि दोरी. डोळ्यांत काजळ घालते, त्या काजळाचं नाव ‘पुरुष येवो’. ऊरभूषणाचं नाव ‘ये रे पुरुषा, ये’. लढायला निघाल्यासारखीच ती शृंगार करून निघते. पाताळाला सात दारं. प्रत्येक दारात एकेक वस्तू काढून घेतली जाते. हे काय, असं ती दरवेळी विचारते आणि उत्तर दरवेळी तेच: गप्प राहा इनान्ना, पाताळाच्या रीतींविरुद्ध तोंड उघडू नकोस. सातव्या दारानंतर ती नग्न, वाकलेली, बहिणीपुढे उभी राहते. सात न्यायाधीश तिच्याकडे मृत्यूच्या नजरेने बघतात, तिच्याशी रागाचे शब्द बोलतात, तिच्यावर ओरडतात. तिचं प्रेत होतं आणि ते खुंटीला टांगलं जातं.

तीन दिवस आणि तीन रात्री गेल्यावर तिची सेविका निन्शुबुर देवांकडे धावते. एनलिल नाही म्हणतो, स्वतःचा बाप नन्नाही नाही म्हणतो. एन्की मात्र नखांतल्या मळातून कुर्गर्रा आणि गलातुरा हे दोन जीव घडवून पाठवतो. खाली एरेश्किगल वेदनेने कण्हत पडलेली असते. ती म्हणते, आई गं माझं काळीज. हे दोघे म्हणतात, आई गं तुझं काळीज. ती म्हणते, माझी कूस. हे म्हणतात, तुझी कूस. पाताळाच्या राणीचं दुखणं असं आजवर कोणी ऐकूनच घेतलेलं नसावं. ती खूश होऊन नदी देऊ करते, शेत देऊ करते. ते फक्त खुंटीवरचं प्रेत मागतात.

इनान्ना जिवंत होते, पण पाताळातून फुकट कोणी सुटत नाही, बदली माणूस द्यावा लागतो. पाताळाचे गल्ला नावाचे दूत तिच्यामागोमाग वर येतात. वाटेत भेटणारे सगळे तिच्यासाठी सुतक पाळत धुळीत लोळत असतात, त्यांना ती हात लावू देत नाही. मग ती दुमुझीपाशी येते. तो उंची वस्त्रं लेवून सिंहासनावर बसलेला. ती त्याच्याकडे मृत्यूच्या नजरेने बघते, त्याच्याशी रागाचे शब्द बोलते, त्याच्यावर ओरडते. शब्द तेच आहेत, जे खाली न्यायाधीशांनी तिच्यावर वापरले होते. पाताळातून ती मृत्यूची नजर शिकून आली आणि पहिल्यांदा वापरली ती आपल्या सर्वांत लाडक्या माणसावर. त्यानंतर तीच त्याच्यासाठी रडते. शेवटी निवाडा होतो: अर्धं वर्ष दुमुझीने खाली राहायचं, अर्धं वर्ष त्याची बहीण गेश्तिनन्ना त्याच्या जागी राहील. दुमुझीसाठी उन्हाळ्यात स्त्रिया रडत. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात तम्मूजसाठी रडणाऱ्या बायका पाहून संतापतो, तो तम्मूज हाच. इराकमध्ये जुलै महिन्याला अजूनही तम्मूज म्हणतात.

तिच्या भक्तांना तिची भीतीही होती. उरुकचा राजा गिल्गामेश याच्या महाकाव्यात सहाव्या पाटीवर ती गिल्गामेशला लग्नाची मागणी घालते आणि तो तिच्या जुन्या प्रियकरांची यादीच वाचतो: दुमुझीला वर्षानुवर्षांचं रडणं दिलंस, रंगीत पक्ष्याचा पंख मोडलास, सिंहासाठी खड्डे खणलेस, घोड्याला चाबूक दिलास, मेंढपाळाला लांडगा केलंस आणि त्याचेच कुत्रे त्याच्यावर धावले. हे देवीनिंदेसारखं वाटतं, पण मेसोपोटेमियातल्या लोकांनी ते शतकानुशतकं जपलं, नकलून घेतलं. जिच्यावर इतका विश्वास तिच्याबद्दल इतकं स्पष्ट बोलण्याची मोकळीक त्यांनी घेतली. (हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बॅबिलोनच्या प्रत्येक बाईला देवळात एकदा परपुरुषापाशी जावं लागे असं लिहिलं, ते मात्र आजचे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. मेसोपोटेमियाच्या स्वतःच्या लेखांत त्याला आधार सापडत नाही.)

बॅबिलोनमध्ये दुसऱ्या नेबुखद्नेझरने इ.स.पू. सहाव्या शतकात उभारलेला निळ्या विटांचा दरवाजा तिच्याच नावाचा, आणि त्याकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्यालगतच्या भिंतींवर तिचे सिंह. तो आता जुळवून बर्लिनमध्ये उभा केलेला आहे. बॅबिलोनची सत्ता गेली, कीलाक्षर लिपी वाचणारे संपले, पण देवीची एक वाट पूर्वेकडे आली. उरुकमध्येच नानाया नावाची एक देवी होती, इनान्नाच्या अगदी जवळची, तीही प्रेमाची. तीच पुढे इराण आणि मध्य आशियातून ‘नाना’ या नावाने आली आणि कुषाणांच्या नाण्यांवर दिसू लागली, हुविष्काच्या काही नाण्यांवर तर सिंहावर बसलेली. अफगाणिस्तानात 1993 साली मिळालेल्या रबातक शिलालेखात सम्राट कनिष्क सांगतो की आपल्याला राज्य मिळालं ते नानाकडून आणि सर्व देवांकडून. राजाला गादी देणारी, सिंहाची सोबत असलेली देवी. कनिष्काने मथुरेपर्यंतच्या आपल्या प्रजेच्या हाती ठेवलेल्या नाण्यांवर उरुकच्या त्या तरुण देवीचाच वारसा होता.